अक्रोडाचं आळं

आमच्या घरामागचं अक्रोडाचं झाड माझ्या सासऱ्यांनी पाणी घालून घालून मारलं, हा माझ्या नवऱ्याचा पार्टीतला हुकमी किस्सा आहे. ऐकणारे पोट धरून हसतात. मी तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाते आणि स्वच्छ भांडी पुन्हा विसळत बसते. खरं काय ते मला माहीत आहे, आणि त्यालाही पक्कं माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सॅन होजेला घर घेतलं. आमच्या अख्ख्या गल्लीच्या जागी पूर्वी अक्रोडाची बाग होती. बिल्डरनं बाग तोडली आणि शोभेपुरतं घरटी एकेक झाड ठेवलं. आमचं झाड दुरंगी होतं. खाली गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत खोड काळपट, खरबरीत आणि तिथून वर एकदम राखाडी, गुळगुळीत. मूळ काळ्या अक्रोडाचं आणि त्यावर कलम खायच्या अक्रोडाचं, अशी इथली रीत. सप्टेंबर संपता संपता हिरवी टरफलं तडकायची आणि अक्रोड टपाटप गवतात पडायचे. ते लगेच उचलले नाहीत तर आतून काळे होतात. पहिल्या वर्षी मी हातमोजे न घालता टरफलं सोलली आणि दिवाळीपर्यंत काळी बोटं घेऊन फिरले. तरी गॅरेजमध्ये जुन्या चादरीवर वाळत घातलेला तो ढीग बघून मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

नवऱ्याला झाडाचं काही नव्हतं. त्याला हवं होतं लॉन, शेजाऱ्यापेक्षा हिरवं. त्यानं जमिनीतून पाइप टाकून घेतले, टायमर बसवला. रोज पहाटे स्प्रिंकलर सुरू व्हायचे आणि त्यातल्या एकाची धार थेट झाडाच्या बुंध्यावर बसायची. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याकडची पानं बारीक आणि पिवळट यायला लागली.

"वरून झाड विरळ दिसतंय रे," मी म्हटलं.

"तुला सगळीकडे प्रॉब्लेमच दिसतात," तो म्हणाला. त्या वर्षी अक्रोड निम्मेसुद्धा आले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात सासरे आले ते कायमचे. सासूबाई गेल्यावर त्यांनी नाशिकचं भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी वाटून टाकली आणि दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आले. त्यांना सगळे अप्पा म्हणत, मीही अप्पाच म्हणायची. पाटबंधारे खात्यात जन्मभर नोकरी केलेला माणूस, पण इथे त्यांना ना ओळखपाळख, ना मराठी पेपर, ना पायी जाण्यासारखं एकही ठिकाण. सुरुवातीला पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसून असायचे. मग एका सकाळी मागच्या दारानं बाहेर गेले आणि झाडाखाली उकिडवे बसून माती चाचपायला लागले.

"किती दिवस पाऊस नाही गं इथे?"

"आता थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अप्पा."

"आणि एवढ्या मोठ्या झाडाला नुसतं हे शिंपडलेलं पाणी? याचं आळं कुठाय?"

झाड म्हटलं की बुंध्याशी आळं, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. अप्पांनी दुपारपर्यंत बुंध्याभोवतीचं गवत खरवडलं, मातीचा गोल वरंबा घातला आणि नळीनं ते आळं काठोकाठ भरलं. नवरा गवतावरून थोडा कुरकुरला, पण त्यानं चालू दिलं. त्यानंतर रोज सकाळी अप्पांचं पाणी घालणं सुरू झालं. पायाला चिखल घेऊन आत येत, मला चहा टाकायला सांगत आणि चहा पिता पिता कालव्यांच्या, धरणांच्या गोष्टी सांगत. त्या घरात दिवसभर माझ्याशी कोणीतरी बोलतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं. अप्पांनी आता इथेच राहावं, असं त्यांच्या मुलापेक्षा मला जास्त वाटत होतं.

ऑगस्टमध्ये झाडाची पानं करपली आणि सप्टेंबरात फांद्या उघड्या पडल्या. नवरा एक फांदी घेऊन नर्सरीत गेला आणि ज्ञान घेऊन परत आला. बुंध्याशी सतत ओल राहिली की अक्रोडाची साल जमिनीलगत कुजते, म्हणे. हे त्यानं अप्पांना एकटं गाठून सांगितलं नाही. शनिवारी जेवायला आलेल्या चार मित्रांसमोर सांगितलं.

"अप्पा, तुम्ही झाड मारलंत. रोज पाणी घालायला ही काय केळ आहे?"

मंडळी हसली. अप्पांचा चेहरा पार उतरला. "मला माहीत नव्हतं रे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या दाराकडे फिरकले नाहीत. चहासुद्धा मागेनात, दिला तर प्यायचे. मी कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी घालायला सांगितलं तर म्हणाले, "नको बाई, मी नाही आता कशाला हात लावत."

ऑक्टोबरात झाड तोडायला माणूस आला. बुंधा कापल्यावर त्यानं आम्हा दोघांना जवळ बोलावलं. स्प्रिंकलरच्या बाजूची साल त्यानं नुसत्या बोटांनी सोलून दाखवली. आत लाकूड काळंठिक्कर पडलं होतं. हे या उन्हाळ्यातलं नाही, आधीपासून कुजत आलंय, असं म्हणून त्यानं स्प्रिंकलरकडे बोट केलं. अप्पांच्या आळ्यानं शेवटचा धक्का दिला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मरण आधीच लागलं होतं.

तो माणूस सामान भरायला गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आता अप्पांना सांग."

"झाड गेलं ना? आता काय फरक पडतो?"

"त्यांना पडतो."

"ड्रॉप इट, यार," म्हणून तो गाडीकडे गेला.

माझं डोकंच फिरलं. मी तशीच आत गेले. अप्पा डायनिंग टेबलाशी तांदूळ निवडत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचा हात ताटातच थांबला.

"तोही होता तिथे?"

"होता."

"त्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

कितीतरी दिवसांनी अप्पा हसले. "मग सांगेल तो. तू काही बोलू नकोस आता."

संध्याकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नवरा यायच्या आधीच पानावर येऊन बसले. पोळी झाली, भात आला. नवरा ऑफिसचं सांगत होता. अप्पा मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "झाड पडलं का रे पूर्ण?"

"पडलं."

"तो तोडणारा काही म्हणाला?"

मी आमटीचा डाव हातात धरून उभी होते. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

"काही नाही. मुळं काढायला दुसरी माणसं येतील म्हणाला."

"आणखी काही?"

"आणखी काय म्हणणार, अप्पा?"

"बरं," अप्पा म्हणाले. त्यांनी दहीभात मागून घेतला, शितन्‌शीत संपवला. मग हात धुऊन आले आणि खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "माझं परतीचं तिकीट काढून टाक."

"आता काय झालं तुम्हाला?"

"काही नाही. तिकडच्या झाडांना माझ्या हातचं पाणी चालतं."

नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फोन करून तिकीट काढलं. तिकडे ते राहणार कुठे, हे त्यानं विचारलं नाही.