जिंकून न्यायचा पट

गुलमंडी बाजारात एक टेलर मास्टर आहेत, ते बोलतानाही तोंडातल्या टाचण्या काढत नाहीत. मला जुने खेळ जमवायचा नाद आहे. त्यांच्या मशीनमागे खुंटीवर त्यांच्या आजोबांनी शिवलेला पचिशीचा मखमली पट दिसला, तेव्हा थेट दुकानात शिरलो. किंमत विचारली.

"विकायचा नाय, साहेब. जिंका आन् घेऊन जा."

तेव्हापासून दर रविवारी आमचा डाव असतो. मास्टर कवड्यांवर फुंकर मारतात, "आजा बेटी, आजा!" म्हणून त्यांना चुचकारतात. मी भलतीच सोंगटी हलवली तर तेच कळवळतात, "अहो, मरंल ना ती! मागं घ्या!"

कितीतरी रविवार हरलो. मग एकदा शेवटची सोंगटी घरात न्यायला मला दोनच हवे होते, म्हणजे दोन कवड्या उताण्या. पटावर एकच उताणी पडली, आणि एक उडून मशीनखाली गेली. माझा वाकायचा धीर होईना. मास्टर दुखरे गुडघे विसरून फरशीवर आडवे झाले आणि मोबाइलची बॅटरी लावली. ती कवडी फक्त त्यांनाच दिसत होती.

"उताणी हाय! जितले तुमी, जितले!" ते एवढ्यांदा ओरडले, की टाचण्या फरशीभर उडाल्या.

पट माझ्या हातात देताना म्हणाले, "पुढच्या इतवारी घेऊन या. आता मला जिंकायचाय."

माझ्या संग्रहातली सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच, असं मी सांगत असतो. कुणी दाखवा म्हटलं की पंचाईत होते. गेल्या रविवारी मास्टर जिंकले, म्हणून सध्या पट त्यांच्या खुंटीवर आहे, आणि आज कुठं गुरुवार!