ट्रेनर कशाला, मी हाय ना

पेणजवळच्या जोहे गावात, एका गणपती कारखान्यात अनिता बरीच वर्षं डोळ्यांची आखणी करत होती. शेजारच्या पाटावर मालू बसायची. मूर्तीच्या दागिन्यांचं सोनेरी काम तिचं. मालूचं माहेर रोह्याचं, सासर हमरापूरचं. एकीनं डबा उघडला की दुसरीचा हात आधी आत जायचा, इतकं त्यांचं जमायचं.

गेल्या गणपतीत शेवटची मूर्ती टेम्पोत चढली आणि अनिताची मान धरली. मग दुखणं उजव्या खांद्यात उतरलं. पेणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हाडं चांगली आहेत. एकाच जागी वाकून बसता, स्नायूंत जोर उरलेला नाही. जिमला जा. पण सुरुवातीला नीट शिकवणारं कुणीतरी बघा."

जिम म्हटल्यावर अनिताला हसूच आलं. नवरा नितेश मात्र म्हणाला, "जा की. गोळ्या खात बसण्यापेक्षा बरं." मालूला सांगितलं तर ती एका पायावर तयार झाली.

पेणच्या जिममध्ये संध्याकाळी बायकांची बॅच असायची. तिथं सुरभी नावाची मुलगी शिकवायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "पर्सनल ट्रेनर घेणार का, काकी? कायमचा नको, सुरुवातीचे दोन महिने पुरे. बॅचवर माझं लक्ष असतं, पण एवढ्या जणींत प्रत्येकीचा खांदा कुठं वळतोय ते दिसत नाही."

अनिताच्या मनात हो म्हणायचं होतं. मालूनं तिला दंड धरून जिन्यावर आणलं.

"ट्रेनर कशाला गो? त्यांचा धंदाच हाय तो. तू माझ्याकडं बघ, मी तुझ्याकडं बघते. हात वाकडा गेला तर सांगेन ना मी. मी हाय ना!"

अनिताला ते पटलं. कारखान्यात तरी दोघी एकमेकींचं काम बघून चुका सांगतच होत्या. तिनं आत जाऊन सुरभीला नको म्हणून सांगितलं.

तीन-चार आठवडे बरे गेले. दोघी काम सुटलं की मिनीडोर रिक्षा धरायच्या, पेणला उतरायच्या, आरशासमोर एकमेकींना हसत हात-पाय हलवायच्या. खांदा थोडा सैल झाल्यासारखा वाटायला लागला. दिवाळी झाली आणि मालू म्हणाली, "आईचं काय खरं नाय गो. अंथरुणावर हाय. मला आता संध्याकाळी रोह्याला जायला लागेल."

त्यानंतरही दोघी एकाच मिनीडोरनं पेणला यायच्या. मालू एसटी स्टँडवर उतरायची, अनिता एकटी जिमला जायची. मालूच्या आईला घशाखाली काही उतरत नाही म्हणून अनिता सकाळी उठून तांदळाची मऊ पेज करायची आणि थर्मासात भरून मालूच्या हातात द्यायची. थर्मास धुऊन परत यायचा. "आईनं तुला आशीर्वाद दिलाय," मालू सांगायची.

सांगणारं कुणी नाही म्हणून अनिता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून व्यायाम करू लागली. पौषात एक दिवस तिनं डंबेल डोक्यावर नेला, हात मागं कलला आणि खांद्यात कळ गेली. डंबेल खाली पडला. सुरभी धावत आली, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी अनिताला वेणीसुद्धा घालता येईना. माघी गणपती तोंडावर आलेले. डोळे आखायला मालकानं दुसरी बाई आणली.

मालू घरी आली. तिनं कोमट तेल चोळलं आणि म्हणाली, "आपल्यासारखींचं कामच नाय ते गो. सोडून दे." अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, स्वतःची आई आजारी असून ही माझ्यासाठी आली.

माघी गणपतीची मूर्ती न्यायला रोह्याहून मालूचा भाऊ शिवा आला. त्या दिवशी मालू लग्नाला गेली होती. अनिता कारखान्यात नुसतीच बसली होती. तिनं विचारलं, "आईला आता बसता येतं का रं?"

"कोणाच्या आईला?"

"तुमच्याच."

शिवा हसला. "आई परवा शेतात होती वयनी. शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लावलं ना आमी, वालाच्या शेंगा तिनंच तोडल्या. तुमाला कोण बोललं?"

तो सहज पुढं म्हणाला, "ताईच येत नाय आताशी. जिममधून वेळ कुठं मिळतो तिला? भावजी सांगत होते, त्या नव्या जिममध्ये ट्रेनर ठेवलाय तिनं."

नवी जिम पेणच्या दुसऱ्या टोकाला होती. स्टँडवरून चालत जाण्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मालू पाटावर बसायच्या आत अनितानं विचारलं, "त्या पेजेचं काय केलंस?"

मालूनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग खोटं बोलली नाही. "खाल्ली. व्यायाम झाल्यावर भूक लागायची."

"का गो?"

"पयल्या दिवसापासून तू मला सांगायला लागलीस. पाठ सरळ ठेव, गुडघा वाकतोय. हितंबी तेच. सोनेरी जाड झालं, माळ वाकडी गेली. मला एक जागा पायजे होती जिथं तू नसशील."

"तसं तोंडावर बोलायचं होतंस. भांडले असते, दोन दिवस बोलले नसते. आणि स्वतः ट्रेनर घेतलास, मला नको म्हणून सांगितलंस."

"तेव्हा मला बी नकोच वाटत होता. मग एकटी गेले तर भ्या वाटलं."

"आणि मी एकटी होते ते?"

अनितानं डाव्या हातानं आपला पाट उचलला आणि खिडकीकडं नेऊन ठेवला. कारखान्यातली बाकीची माणसं रंगाच्या वाट्या ढवळत राहिली.

खांदा बरा व्हायला उन्हाळा लागला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अनिता पुन्हा सुरभीकडे गेली आणि या वेळी तिलाच ट्रेनर म्हणून घेतलं. सुरभीनं तिला आधी रिकाम्या हातानं उभं राहायला शिकवलं, श्वास कधी सोडायचा ते शिकवलं, कुठलं दुखणं चालेल आणि कुठं लगेच थांबायचं ते शिकवलं. पावसाळ्याच्या तोंडावर म्हणाली, "काकी, आता तुम्हाला माझी गरज नाही." अनिता तेव्हापासून एकटीच करते. डोळे पुन्हा तीच आखते. हात फार वर नेला तर अजून आत काहीतरी अडकतं.

मालूशी तिचं बोलणं आहे, कामापुरतं. एकदा मिनीडोरमध्ये मालूनं सरकून जागा केली. अनिता बसली. मालूनं विचारलं, "अजून राग हाय?"

"राग नाय," अनिता म्हणाली. "पण तू काय सांगितलंस की आधी वाटतं, कोणाला तरी विचारून बघावं."

पेण आलं. मालू स्टँडवर उतरली, अनिता पुढं गेली.