मांडीवर नावेचा पंखा घेऊन मुखेडला

मामांचा फोन आला. "माय, नावंचा पंखा तुटला. तुमच्या मोबाइलवर समदं भेटतंय म्हणं."

मामांचं गाव मुखेडच्या पुढं, तलावाकाठी. शेतातलं डिझेल इंजिन बसवलेली पत्र्याची जुनी नाव आहे त्यांची. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या बुडख्याला लागून तिच्या पंख्याचं पातं उडालं होतं. नाव बंद म्हणजे मामीचा रविवार बंद. तिची थोरली बहीण, धुरपदामावशी, पलीकडच्या काठावर एकटी राहते. मावशीचे गुडघे गेलेत, मामीला गाडी लागते आणि रस्ता तलावाला वळसा घालून जातो. "होळीपासून दोघी फोनवरच रडून राहिल्यात," मामा म्हणाले. मग मी लातूरहून निघायचं ठरवलंच.

मोबाइलवर हव्या त्या मापाचा पंखा सापडला, पण तिथं प्रश्न होता: डावीकडं फिरणारा की उजवीकडं? मी मामांना विचारलं.

"कोणताबी घे. उलटा फिरला तर फेज बदलू."

बोअरची मोटर उलटी फिरली की दोन वायरींची अदलाबदल करायची, हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक असतं. मला ते लगेच पटलं आणि मी बिनधास्त डावीकडं फिरणारा मागवला.

लातूरहून मुखेडला जायचं तर सकाळची एसटी धरा. थेट गाडी हुकली तर शिरूर ताजबंदला उतरून दुसरी मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे. उतरलात तर सुशीला खाच. ते बाईचं नाव नाही, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेली असते. वर मिरची, सोबत चहा, आणि शंभराची नोट मोडूनही सुट्टे हातात येतात. पुढं डोंगरांमधून रस्ता छान आहे, फक्त उजवीकडची खिडकी घेऊ नका, ऊन भाजून काढतं.

माझ्या मांडीवरच्या गोणपाटाकडं बघून कंडक्टर म्हणाले, "काय हाय ताई?"

"नावेचा पंखा."

"मुखेडला? प्यायच्या पाण्याची बोंब, अन् तुम्ही नाव चालवून राहिल्या?"

मागच्या दोन सीट खदखदून हसल्या. मीही हसले. लातूरच्या माणसानं पाण्यावरून वाद घालू नये.

मुखेडच्या स्टँडवर जब्बारचाचा मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि मामांच्या नावेवरची निम्मी ठिगळं त्यांच्याच हातची. गावात पोचलो तर नाव काठावर ओढून ठेवलेली आणि मामी नवं लुगडं नेसून, धपाट्यांचा डबा घेऊन बाभळीखाली बसलेली.

जुन्या पंख्याचा नट गंजून धरला होता. चाचांनी त्यावर डिझेल सोडलं, सगळ्यांना चहा प्यायला लावला, मग पाना अडकवून वर पाय दिला. करकर करत नट सुटला. नवा पंखा दांड्यावर असा बसला की मामांनी त्याला कुंकू लावलं. चार जणांनी नाव पाण्यात लोटली, मामी चढली, इंजिन धडधडलं.

नाव सरळ मागं येऊन चिखलात रुतली.

"फेज बदला," मामा ओरडले.

चाचांनी इंजिन बंद केलं. "दाजी, डिझेलला कसला फेज?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बदली पंखा यायला कमीत कमी आठवडा, आणि मामी डबा घट्ट धरून बसलेली.

"नाव उलटी चालती ना?" मामीनं विचारलं.

"हाव," चाचा म्हणाले.

"मंग चालू द्या की. आक्का काय नावंचं तोंड बघाय बसली हाय?"

नाव फिरवून तिचं तोंड आमच्या काठाकडं केलं आणि आम्ही पाठमोरे निघालो. मामा टोकाला वल्हं धरून दिशा देत होते, चाचा इंजिनापाशी, मी नावेत झिरपणारं पाणी एका रिकाम्या डब्यानं उपसत. नाव म्हशीच्या चालीनं चालली होती, पण चालली होती.

पलीकडं मावशी काठीला टेकून उभी दिसली. मग ती वळली आणि घराकडं चालायला लागली. नावेचं तोंड आमच्या काठाकडं बघून तिला वाटलं, आम्ही परतच निघालो.

"आक्का! येऊन राहिलोय, जाऊन न्हाई!" मामीचा आवाज चिरकला.

मावशी थांबली. मग ते गुडघे घेऊन पाण्यात आली, लुगडं भिजेपर्यंत. "सोजर, हे कसलं गं येणं?" एवढं म्हणून तिनं मामीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मी सरळ रडले. चाचा उगाच इंजिन पुसत राहिले.

धपाटी, ठेचा, दही असं जेवण झालं. दोघी एका ताटात जेवल्या.

लातूरला आल्यावर पंखा बदलून घ्यायची सोय अजून आहे, हे सांगायला मी फोन केला. मामीनं उचलला.

"नगं माय, राहू दे."

"अगं, नाव सरळ चालेल. लवकर पोचशील."

"पोचायची घाई न्हाई. आदी परत येताना आक्काला पाठ करून यावं लागायचं. आता तोंड तिच्याकडंच राहतंय. पार ठिपका होईस्तोवर दिसती."

पंखा बदलायचा राहिला तो राहिलाच.