ओवाळणीत गेलेला लॅपटॉप

नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप आमच्या घरात आला, तो नवऱ्याच्या साहेबाकडे तसाच आहे म्हणून. मला कामाला काय लागतं हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. दिवाळीत खोका पुढ्यात ठेवून म्हणाला, "हलका बघ किती, एका हातात उचलतो!" मला काय तो डोक्यावर घेऊन फिरायचं होतं?

लग्नाआधी मी विद्यापीठात भूजलाचं काम करत होते. मग घर, मूल, आणि सगळं सुटलं. त्या साली पाऊस रुसला होता. करमाडच्या पुढची गावं दिवाळीतच टँकरवर आलेली, आणि इकडं आमच्या शहरात जालना रोडला इमारतींवर इमारती, जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव. लाज नावाची गोष्ट नाही. पण त्या दुष्काळामुळेच विहिरींच्या पातळ्यांचा अभ्यास करणारी माणसं शोधणं सुरू झालं, आणि पुण्याच्या एका कंपनीनं मला परीक्षा द्यायला सांगितलं. पायथन या संगणकाच्या भाषेत विश्लेषण करायचं, घरूनच, कॅमेरा चालू ठेवून. ही नोकरी मला हवीच होती. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला दुसऱ्यांदा कोण विचारतं?

परीक्षेच्या आधी पायथनची पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, टाकायला बसले. छोटी छोटी सगळी आली. आकडेमोडीचं मोठं पॅकेज मागितलं आणि मशीननं हात वर केले. या प्रोसेसरसाठी तयार पॅकेज नाही म्हणे, मूळ कोडवरून तुम्हीच बांधून घ्या. बांधायला गेले तर कोड बांधून देणारा कंपायलर नाही. कंपायलर आणला तर त्याला आणखी काही पाहिजे. नुसत्या लाल ओळी! नव्या प्रोसेसरला जुन्याचं सोंग घ्यायला लावायची एक सोय होती, तीही केली. नकाशाचं पॅकेज उघडलं की सगळं गपगार. इंटरनेटवरचे शहाणे सल्ला देत होते, थोडं थांबा, पुढच्या आवृत्तीत येईल. थांबा म्हणे! परीक्षा सोमवारी, आणि हे थांबायला सांगतात.

"नवीन मशीन आहे, चालायलाच पाहिजे," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "तुझंच काहीतरी चुकत असणार." या माणसाला घरातल्या वायफायचा पासवर्ड मला विचारावा लागतो.

"राहू दे. माझा जुना काढून दे कपाटावरून."

"तो आक्काला दिला ना. भाऊबीजेला, ओवाळणीत."

मी माहेरी माझ्या भावाला ओवाळत होते, तेव्हा यानं वैजापूरला बहिणीच्या ताटात माझा लॅपटॉप ठेवला होता. माझी सगळी पॅकेजं त्याच्यात. मी म्हटलं, परत आणते. तर हाच चिडला. "ओवाळणी परत मागतात का कुठं? नाक कापशील माझं!"

"असलं तर कापेन," मी म्हटलं आणि रविवारी सकाळची एसटी धरली.

वैजापुरात मार्केट यार्डामागं नणंदेचं घर. त्यांचा कांद्याचा व्यापार, दिवसभर माणसांची ये-जा. माझा लॅपटॉप शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालाखाली, झाकणावर हळदीकुंकू. चहा हातात घेऊन मी सांगूनच टाकलं, "आक्का, ओवाळणी परत मागायला आलेय." आणि सगळी कथा सांगितली.

आक्कांनी रुमाल बाजूला करून लॅपटॉपकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मला तर साडी पाहिजे होती गं. हे डबडं दिलं त्यानं. तुझं हाय हे मला काय ठाव? तुला विचारलं बी नाय?"

"नाही."

"तुझ्या पोटापाण्याची वस्तू, अन् तुला न विचारता?"

इतके दिवस मी त्या प्रोसेसरला शिव्या घालत होते. आक्कांनी हे विचारलं आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "हे बघ, घरातनं बाहेर नाय देणार. भावाची ओवाळणी हाय. इथंच बस, इथंच दे परीक्षा. पोराला बघंल की त्याचा बाप."

सोमवारी त्यांनी टीव्ही बंद केला, आलेल्या व्यापाऱ्यांना यार्डात पिटाळलं आणि स्वतः दारात पाय पसरून बसल्या. जुनं मशीन धापा टाकत का होईना, पण चाललं. सगळी पॅकेजं मुकाट उघडली. मी विहिरींचा नकाशा काढला, उत्तरं दिली. शेवटी स्क्रीनवरचे कंपनीचे साहेब म्हणाले, "काम पसंत आहे. पहिल्या तारखेपासून या. फक्त एक, कंपनी सध्या मशीन देत नाही. हे तुमचं स्वतःचंच आहे ना?"

मी दाराकडं बघितलं.

"तिचंच हाय!" आक्का तिथूनच ओरडल्या. "सांग की गं त्यांना, तुझंच हाय म्हणून."