पिस्ता भिंतीवरच्या रेघा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. त्यामुळे तुम्ही मला हसलात तरी चालेल… पण आधी वाचा.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहतो. नवीन बिल्डिंग, आमच्याआधी त्या फ्लॅटमध्ये कोणीही राहिलेलं नाही. नवरा एमआयडीसीत केमिकल कंपनीत, लेक ओवी पहिलीत. मला हिरव्याचं भारी वेड. हॉलला पोपटी पडदे, किचनला कच्च्या कैरीच्या रंगाच्या टाइल्स आणि ओवीच्या खोलीला फिका पिस्ता. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या, "घर आहे की भाजीची गाडी!"

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आमच्या खिशाला मर्यादा होती. म्हणून ओवीच्या खोलीचा रंग उल्हासनगरहून आणला — कोणीतरी परत केलेला, थोडासाच वापरलेला मोठा डबा. शेड अगदी मनासारखी.

आठवड्याभरात दाराजवळच्या कोपऱ्यात रेघा दिसू लागल्या. आडव्या, बोटभर लांब, एकावर एक आणि झगझगीत पोपटी. मी ओवीला धपाटा घातला.

"आई, मी नाही गं काढल्या! माझ्याकडे हिरवा खडूच नाहीये!" ती रडायलाच लागली.

नवरा म्हणाला, "रोलर नीट फिरला नसेल, टेन्शन घेऊ नको." त्याने दुसरा हात मारला. रेघा परत आल्या… पहिल्यापेक्षा ठळक.

मग सासूबाई बदलापूरहून राहायला आल्या. भिंतीकडे बघून सहज म्हणाल्या, "ओवीची उंची मोजता वाटतं?"

पोराला भिंतीला टेकवून डोक्यापाशी खूण करतो ना, तशाच होत्या त्या! ओवीला तिथे उभं केलं. सगळ्यात वरची रेघ तिच्या डोक्याच्या चार बोटं वर होती. त्यापुढे भिंत कोरी.

दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला दुकानात गेले. सिंधी दुकानदाराला डबा आठवत होता.

"भाभी, मशीन पे शेड मिलाया हुआ माल हम वापस लेते नहीं. पर उस आदमी का मुंह देखके ले लिया. बोला, बच्चे का कमरा था… अब रंगाना नहीं है."

"क्यों?"

"पूछने की हिम्मत नहीं हुई."

घरी येऊन भिंत खरवडली, पुट्टी भरली, पांढरा मारला. पांढऱ्यातूनही त्याच हिरव्या रेघा वर आल्या. सीपेज म्हणावं तर थेंबभर ओल नाही. शेवटी खोलीला कुलूप घातलं, ओवी आमच्यातच झोपते. ती अगदी ठणठणीत आहे. घर बदलू म्हटलं, तर मला भीती या घराची वाटते की तिच्या उंचीची, हेच कळत नाही. यामागे काय आहे ते मला आजही ठाऊक नाही.

परवा तिचा युनिफॉर्म घ्यायला स्टेशनजवळच्या दुकानात गेलो होतो. ओवी टाचा उंचावून आरशात बघत होती, खुशीत होती. दुकानदाराने विचारलं, "ताई, वाढत्या अंगाचा देऊ ना?"

कुठलीही आई विचार न करता हो म्हणते. माझ्या तोंडून हो निघेना… आणि नाही म्हणायची तर हिंमतच झाली नाही.