मामंजींचं मऊ पोट

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या पनवेलच्या आळीत बेंबी बसवणारी म्हणून माझा लौकिक होता. कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणायचं, पोटावर पणती ठेवायची आणि वर तांब्या पालथा घालायचा. शिक्षण म्हणाल तर शेजारणीकडे दोनदा पाहिलेलं!

एका सकाळी सासरे पोट धरून तळमळायला लागले. मी चाचपलं, तर पोट लोण्यासारखं मऊ. मी ऐटीत पणती लावली.

"नाय सोसवत गो, सूनबाय," ते कळवळले.

"मामंजी, एवढ्या मऊ पोटाला काय होतंय?" असं म्हणणारी मीच ती दीडशहाणी.

तासाभराने यजमानांनी डॉक्टरांना आणलं. त्यांनी पोट दाबलं, मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाडी अडखळतेय. हृदयाच्या गोळ्या?"

"महिन्यापूर्वी सोडल्या," सासूबाई पुटपुटल्या.

"पण पोट मऊ आहे, डॉक्टर," मी म्हणाले.

"त्याचीच भीती वाटते, वहिनी. पोट मऊ आणि कळा अशा जीवघेण्या, म्हणजे हृदयातली गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली असणार. आतडं मेलं की पोट कडक होतं, त्याच्या आत ऑपरेशन हवं. गाडी बोलवा."

मुंबईच्या वाटेवर मी सारखी मामंजींचं पोट चाचपत होते. आता ते कडक होऊ नये, एवढंच मागणं होतं.

दुपारी सर्जन बाहेर आले. "वाचलेत. हातभर आतडं काळं पडलं होतं, ते काढलं. तासभर आधी आणायला हवं होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो तास माझ्या पणतीनेच खाल्ला होता.