दारापर्यंतची हलगी

"शब्द तुझेच राहतील रे. आवाज फक्त तिचा."

मराठीचे सर माझ्या कवितेचा कागद समोर धरून बोलत होते. मी टेबलाच्या अलीकडं उभा. समोर खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत. मी बसलो नाही.

सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला होतो. आमच्या घरात, आमच्या आळीत, कॉलेज बघितलेला मी पहिलाच. पुण्याहून मोठे कवी येणार होते. त्यांच्यासमोर मुलांनी कविता वाचायच्या होत्या. माझी कविता निवडली होती. फळ्यावर नाव वाचून मी वसतिगृहावर पळत गेलो होतो. सांगायला कुणी नव्हतं. भिंतीलाच सांगितलं.

आता सर म्हणत होते, माझे उच्चार गावठी आहेत. पाहुणे हसतील. पहिल्या बाकावरची मुलगी छान वाचते. तिनं वाचावी.

मी मान हलवली. मला मान हलवायचीच सवय होती.

मग सर हसून म्हणाले, "तुझ्या वडलांची हलगी आहे ना? ती आण. पाहुण्यांचं स्वागत अस्सल ग्रामीण होऊ दे. फाटकापासून सभागृहाच्या दारापर्यंत वाजवायचं. दारात थांबायचं. आत गडबड नको."

कवितेवर त्यांनी लाल शाईनं सुधारणा केल्या होत्या. कागद माझ्या हातात दिला आणि तो कार्यक्रमाच्या सकाळी त्या मुलीला द्यायला सांगितलं.

मी कवठे महांकाळच्या एस.टी.त बसलो. गावी आबांना हलगी मागितली. आबा खूश झाले.

"आरं, कालेजात आपली हलगी! लय मान हाय लेकरा," म्हणाले. खुंटीवरची हलगी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली. आय चुलीपुढं बसून हसत होती. कविता तिच्यावरच होती, हे तिला माहीत नव्हतं.

आमच्या गावात पालखीपुढं आमचीच हलगी. देवळाच्या पायरीपर्यंत. पायरी आली की हलगी थांबते, आबा थांबतात, पालखी आत जाते. आबांनी जन्मभर देवापुढं वाजवलं. देव कसा दिसतो ते त्यांना माहीत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, आपुन आत का न्हाई जायाचं?" आबा म्हणाले होते, "आपला आवाज जातोय की आत."

परतताना एस.टी.त ते वाक्य आठवलं. मांडीवर हलगी होती. खिशात कविता होती.

कार्यक्रमाच्या सकाळी थंडी होती. दव पडलं होतं. मी फाटकाशी उभा. कडेगावकडच्या बागायतदाराचा पोरगा, माझ्याच वर्गातला, सायकलवरून उतरला.

"काय रं गड्या, कवी म्हणून आलाईस का वाजंत्री म्हणून?"

त्याच्याबरोबरची पोरं हसली. मीही हसलो. ते हसणं मला अजून जाळतं.

हलगीवर काठी मारली. आवाज मेलेला. दवानं कातडं ढिलं पडतं. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. जाळ पाहिजे होता. पालापाचोळा ओला. फाटकावरच्या शिपायानं काड्यापेटी दिली, पण जाळायला काही नव्हतं. खिशात हात घातला. कागद लागला.

लाल शाई मी पहिल्यांदा नीट वाचली. मी लिहिलं होतं:

आये, गावात पाण्याचा टिपूस न्हाई,
मग खडीवर ही ओल कशाची?

दुष्काळी कामावर आय खडी फोडायची. हातोडी बोटावर बसायची. चिंधी बांधून पुन्हा फोडायची. त्या खडीचं मी लिहिलं होतं. सरांनी केलं होतं:

माते, ग्रामी नसे जलबिंदू,
पाषाणा का येई गहिवर?

आयच्या बोटांचं रक्त पुसलं गेलं होतं. दगड रडत होता, आय नव्हतीच. ही कविता आत जाणार होती. मी दारात थांबणार होतो. पायरीपर्यंत. आबांसारखा.

काडी ओढली. कागद पेटवला. त्यावर हलगी धरली, फिरवली. ओल्या काटक्या टाकल्या, त्याही धुमसत पेटल्या. कातडं ताणलं गेलं. बोट मारलं, तर खणखणली.

सर धावत आले. "कविता कुठंय? ती मुलगी खोळंबलीय."

"शेकली, सर."

"म्हणजे?"

"हलगीला जाळ पायजे हुता."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पाठ आहे ना तुला? चल, तिला उतरवून दे."

"पाठ हाय. मीच म्हणतो की."

"आत?" सर म्हणाले.

एवढंच. एकच शब्द. माझा सगळा जन्म त्यात होता.

तेवढ्यात पाहुण्यांची मोटार आली. सर ओरडले, "वाजव!" सगळे माझ्याकडं बघत होते. मी काही शूर नव्हतो. काठ्या खाली टाकल्या.

"न्हाई, सर."

मोटार मुकाट्यानं आत गेली. सर जाताना दात आवळून म्हणाले, "तुम्हाला वर घ्यायला जावं, तर हे."

कुणी मला आत बोलावलं नाही. आत टाळ्या वाजत होत्या. मी राखेजवळ उभा होतो.

पुढं काही सुखाचं झालं नाही. कॉलेजच्या नियतकालिकात माझं काही घेतलं नाही. मला लिहिताही येईना. ओळ सुचली की लाल शाई आठवायची. कृष्णेच्या घाटावर बसून राहायचो. पाण्याकडं बघवत नव्हतं, उठवतही नव्हतं.

हलगी परत द्यायला गेलो.

"वाजली का?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. वाजवली न्हाई म्या. आन आवं, तुमीबी आता पायरीला वाजवू नगा."

आबांनी हलगी खुंटीला लावली. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले,

"मग खायाचं काय रं?"

मी आयजवळ गेलो. तिचं बोट धरून तिला ती कविता म्हणून दाखवली. माझ्या तोंडानं, माझ्या उच्चारात. आय हसली नाही, रडली नाही. बोट सोडवून घेतलं आणि भाकरी थापायला लागली.

त्या दिवशी ठरवलं. कविता लिहीन, पण ती मीच म्हणेन. आत घेतलं नाही तर फाटकात, रस्त्यात, आळीत म्हणेन. आणि जिथं माझ्या तोंडाला जागा न्हाई, तिथं माझे हातबी मिळायचे न्हाईत.